रेघ

बाल्डोमेरोचं काम एवढंच : श्वास मोजायचे.
सुई नेरिस टोचते, रक्त मी भरून घेते,
डोक्यावर चिकटवायचं यंत्रही माझ्याकडे.
तो तिच्या नाकपुड्यांसमोर उकिडवा,
मेंढ्या कातरून निबर झालेल्या बोटांत
पेन्सिलीचं थोटूक.

वाल्देसचा किनारा. ऑक्टोबर. वारा असा
की बोललेलं तोंडात परत येतं.
हत्तीसील, मादी नंबर सदतीस.
तेवीस दिवस उपाशी,
अंगातलं होतं नव्हतं पिल्लाच्या घशात ओतून
आता कातडी तिच्यावर सैल,
दुसऱ्या कुणाची मागून आणल्यासारखी.
उद्या-परवा ती पाण्यात शिरेल.
आम्हाला हवंय ते त्यानंतरचं :
ती झोपते कधी, आणि कुठे.
नेरिसचा अंदाज, खोल अंधारात, पोट वर करून,
गिरक्या घेत खाली जाणाऱ्या पानासारखी,
जेमतेम दहा मिनिटं. मग पुन्हा वर, हवेला.

"श्वास," बाल्डोमेरो म्हणतो. रेघ.
"श्वास." रेघ.
मग काही नाही.

दोन मिनिटं. चार.
मी नवी; माझा हात औषधाच्या पेटीकडे जातो.
नेरिस मान हलवते. या अशाच,
वाळूत झोपल्या तरी बुडी मारतात.
तारेतून ठोका येतो, थांबतो, येतो,
रिकाम्या घरात कुणी अनवाणी चालावं तसा.

सहा.
वहीवरची नजर न काढता बाल्डोमेरो बोलतो,
आमच्याशी की वाऱ्याशी, कळत नाही :
"त्रेलेवच्या दवाखान्यात माझी ओतिलिया अशीच थांबायची.
तेव्हाही मोजत होतो. वाटलं, घेईल.
नर्स आली तोवर
अकराशेपर्यंत गेलो होतो."

नेरिस सुईचं टोपण उगाच
काढते, लावते.
आठ. लांबून पिल्लू केकाटतं.
एक सीगल वाळलेल्या नाळेचा तुकडा
ओढत नेतो, टाकतो, पुन्हा उचलतो.

नऊ मिनिटं वीस सेकंद.
नाकपुडी उघडली.
उपाशी पोटाचा आंबूस भपकारा,
वाळू, शेंबूड, सगळं त्याच्या चष्म्यावर.
त्यानं पुसलं नाही.

"श्वास," तो म्हणाला,
आणि रेघ इतकी दाबून ओढली
की रात्री आकडे उतरवून घेताना
पुढच्या तीन कोऱ्या पानांवर
ती माझ्या बोटांना लागत राहिली.