बांधाकडचं तास

बेडकिहाळच्या खालच्या रानात
अकरा वर्षं तंबाखूच होता.
माती मुठीत धरली तर राखेसारखी निसटायची,
वास तेवढा हाताला राहायचा.

ह्या सालात मृगाला तूर पेरली, दाट,
शेंगांसाठी नाही,
गाडायला.
कंबरेला लागली की नांगर घालायचा,
फुलाची वाट बघायची नाही.

आत्ती हिशोब कन्नडात करतात,
बसदीत कन्नडात पुटपुटतात,
रागावतात मात्र मराठीत.
त्या दिवशी मराठीत बोलल्या:

"चातुर्मासात मी मेथीची काडी तोंडात घालत नाही.
कांदा-बटाटा जन्मात शिवले नाही,
जमिनीखालचं काढू नये म्हणून.
आणि तुम्ही उभी तोगरी, कोवळी,
जमिनीखाली घालणार?"

हे नत्र म्हणाले, कर्ब म्हणाले,
कृषी केंद्रातल्या पोराकडनं आणलेले शब्द,
तिथंच बांधावर पडून राहिले.

मग मीच एक रोप खुरप्यानं उकरलं,
हळू, उपटलं नाही.
मुळांना गाठी, मोहरीएवढ्या, काही वाटाण्याएवढ्या.
एक नखानं फोडली.
आत लाल.
फिकट, पण लालच,
सुई टोचल्यावर बोटावर येतं तेवढं.
मला वाटलं, दाखवायला नको होतं.

आत्तींनी ती तळहातावर घेतली,
चष्मा कपाळावर ढकलून बघत राहिल्या.
जीव आहे, असं म्हणाल्या नाहीत.
म्हणाल्या, "हे काम करत होतं."

बाबगोंडाचा ट्रॅक्टर दोन दिवस दारात थांबला.
तिसऱ्या दिवशी बसदीतनं त्या सरळ रानात आल्या,
पदर अजून ओला,
आणि बांधाकडचं एक तास हातानं दाखवलं.
एवढं सोडा.

बाकीचं गेलं.
तीन दिवस हिरवा, उग्र वास,
नांगरामागनं बगळे.
त्या रात्री आत्तींचं ताट झाकलेलंच होतं,
मी उचललं, काही विचारलं नाही.

सुटलेलं तास दिवाळीनंतर पिवळं झालं फुलांनी,
पौषात पानं सोडायला लागलं,
वारा नसतानाही.
खाली थर साचला, पाय ठेवला तर
माती आत घ्यायची,
तंबाखूच्या सालात कधी घेतला नव्हता तसा.
"हे बघ," आत्ती म्हणाल्या,
"मारायच्या आधीच देतंय की."

शाळू सगळीकडंच बरा आला.
कुठला कशानं, कुणी मोजलं नाही.

त्या तासाची तूर पाच शेर निघाली.
डाळ करू दिली नाही आत्तींनी,
राख लावून मडक्यात भरून ठेवली.
वैशाख संपता संपता मी विचारलं,
औंदा किती तासं सोडायची?
त्या बोटांची पेरं मोजत होत्या, तोंडातल्या तोंडात.

मला कन्नडातले आकडे चारापर्यंतच येतात.
त्या पुढं गेल्या होत्या.