चार कॅप्सूल

थंडर बेमध्ये सरोवरावरून वारा सुटला
की आमच्या दवाखान्याचं दार आपोआप उघडतं.
तोइवो लाहती त्यातून आत यायचा,
बुटांवरचा बर्फ झटकून, टोपी काखेत,
आणि मी विचारायच्या आधीच चार बोटं वर करायचा.
घेतल्या.

दात साफ करायचे वर्षातून दोनदा,
म्हणून वर्षातून दोनदा, तासभर आधी, चार कॅप्सूल.
उजव्या गुडघ्यात धातू होता,
आणि तोंडातले जंतू धातूचा माग काढत जातात, म्हणे.
कोण म्हणे?
फाइल म्हणे.
ऑपरेशन करणारा सर्जन केव्हाच निवृत्त होऊन
दूर समुद्राकाठी राहायला गेला;
त्याची सही मात्र अजून आमच्याकडे नोकरीला होती.

पेनिसिलिन चालत नाही, हेही फाइलवर, लाल शाईत.
सहा वर्षांचा असताना अंगावर पुरळ उठलं होतं.
आई म्हणाली औषधानं, शेजारीण म्हणाली गोवर.
सत्तर वर्षं कुणी तपासलं नाही.
म्हणून दुसरं औषध, पोटाला जास्त जाचणारं.

आदल्या दिवशी फोन मी करायचे.
"उद्या दहाला, मिस्टर लाहती. गोळ्या विसरू नका हं."
त्या वाक्यातला माझा आवाज
मला आवडायचा.

नोव्हेंबरात दात चकाचक झाले.
नवव्या दिवशी आउनेचा, त्याच्या बायकोचा फोन:
बाथरूममधून बाहेरच येत नाहीये तो.
दिवसातून पंधरा वेळा. मग वीस.
मग तिनं मोजणं सोडलं.

भीती गुडघ्याची, गोळी दातांसाठी,
मार खाल्ला पोटानं.

आउनेच्या घरी एक विरजण आहे,
तिच्या आजीनं फिनलंडहून आणलेलं,
रुमालावर वाळवून, बोटीतून.
इतकी वर्षं ते रोज एका वाडग्यातून दुसऱ्यात जातंय.
हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये ती मला म्हणाली,
"त्याच्या आतलं विरजण मेलंय. एवढंच झालंय.
रिकाम्या भांड्यात भलतंच काहीतरी माजलंय."
डॉक्टरांनी हेच सांगायला
तीन पानं घेतली होती.

शेवटी कुणा अनोळखी, धडधाकट माणसाच्या
आतड्यातलं विरजण त्याला लावलं.
(हो, तेच. मीही आधी नाक मुरडलं होतं.)
लागलं.
एकोणीस किलो गेले,
बर्फावरची मासेमारीची खोपटी विकावी लागली,
पण लागलं.

आता मी उलटे फोन करते.
हृदयात कृत्रिम झडप असलेले तिघे आहेत,
त्यांना सांगते, घ्या, विसरू नका.
बाकीच्यांना सांगते, डॉक्टरांनी नियम बदललाय, नका घेऊ.
मिसेस कोझाक भडकल्या:
"बारा वर्षं घेतेय, काही झालं का मला?
की आता म्हातारीची काळजी करायची नाही असं ठरलंय?"

रिसीव्हर कानाशी धरून मी बसून राहिले.
दार उघडलं.
तोइवो होता, कोट त्याला दोन मापं मोठा झालेला.
माझ्याकडे बघून त्यानं सवयीनं हात वर केला,
बोटं उघडायला गेला,
आणि काय करावं न कळून
तोच हात खिशात घातला.