रस किती वेढे पळाला

लक्ष्मीपुरीत, दुसऱ्या मजल्यावर, शेअर दलालाच्या ऑफिसात
मी दिवसभर पाणी मोजतो.
पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यावर पट्टी आहे,
फूट, इंच, आणि जुलैत गावभर एकच प्रश्न: किती झालं?
माझ्या पाण्याला पट्टी नाही.

दस्तगीर शिकलगार आले. शिरोलीच्या फौंड्रीत एकतीस वर्षं,
सुटताना कंपनीनं दिलेले चारशे शेअर.
"पेपरात दोनशे बारा हाय. वीक."
गुणाकार बसमध्येच झाला होता,
पाकिटावर, पेन्सिलनं:
चौऱ्याऐंशी हजार आठशे. खाली दोन रेघा.

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.
विकणारे मागतायत दोनशे बारा.
घेणारा एकच, एकशे सत्त्याण्णवला, तोही दहा शेअर.
त्याच्याखाली कुणीतरी एकशे एक्याऐंशीला पंचवीस.
मग बराच वेळ नुसता गाळ.
दोनशे बारा हा गेल्या मंगळवारचा सौदा, म्हटलं, तीन शेअरचा.

"म्हंजे भाव हाय, गिऱ्हाईक न्हाई."

तीन वर्षं मी वहीत रकाने भरतोय:
किती दिवस एकही सौदा नाही,
दोन भावांत फट केवढी,
दहा हजारांचा माल टाकला तर भाव किती खचतो.
हे त्यांनी पाच शब्दांत उरकलं
आणि चहाची बशी पुढं ओढली.

मोठ्या कंपन्यांत कोटी ओतले तरी तरंग उठत नाही.
देशाचा बाजार किती वाहता, म्हणून जो आकडा छापतात
तो त्यांचाच.
सरासरीत आमचं डबकं दिसत नाही.

"आमच्यात रस तपासायची रीत हुती," शिकलगार म्हणाले.
"भट्टीतनं पळीभर घ्यायचा,
गोगलगाईच्या शंखागत साचा असतोय, त्यात सोडायचा.
किती वेढं पळाला, कुठं थिजला, बघायचं.
चांगला असला तर पाच.
गार पडत आलेला दोनातच बसायचा.
दिसायला दोन्ही लालच."

अकरा दिवस ते येत राहिले.
दहा विकले, भाव एक पायरी उतरला.
पंचवीस विकले, आणखी एक.
आम्ही विकायला निघालो म्हणूनच तो पडत होता,
खोली बघायला घातलेली काठीच
पाणी पिऊन टाकत होती.
तीनशे त्र्याऐंशी गेले. चौसष्ट हजार नऊशे दहा.
उरलेल्या सतरांना कुणी विचारेना.
"ऱ्हाऊ द्या. थिजू द्या तितंच."
पाकीट टेबलावरच राहिलं.

बाराव्या दिवशी पेपरात: दोनशे सहा.
तीन शेअर.

मी वहीत एक रकाना वाढवला, वरती लिहिलं, वेढे,
खाली लिहिलं, दोन.
मग खोडून दीड केलं.
घरी जाताना रिक्षावाला, मी विचारलं नसताना,
म्हणाला, सदतीस फूट आठ इंच.