तीन रिंगा

पुराच्या साली गावभागात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी,
वीज नाही, चार्जिंग कुणाकडंच नाही.
तेव्हा ठरलं: बोलायचं नाही, बॅटरी जाते.
सकाळी सातला एक रिंग द्यायची आणि तोडायची.
एक म्हणजे आहे.
दोन म्हणजे काहीतरी पाहिजे. गोळ्या, पाणी, होडी.

पाणी उतरलं. भिंतींवर रेघ राहिली
आणि ही सवय.

आता माझ्या पिको-फॉलच्या दुकानात
मशीनच्या डाव्या अंगाला एक वही असते,
चौदा नावं, पुढं रोजची बरोबरची खूण.
दोनवाल्यांकडं सुयोग जातो सायकलवरून.
त्याचं कॉलेज असलं की मी, शटर अर्धं ओढून.
वहीवर मी लिहिलेलं ‘मिसकॉल रजिष्टर’
बिरनाळेबाईंनी लाल शाईनं दुरुस्त केलंय.
रिटायर होऊन बावीस वर्षं झाली,
शाई अजून वाळलेली नाही त्यांची.

चौदातलं एक नाव आता नुसतंच आहे.
त्याच्यापुढं मी खूण करत नाही,
खोडतही नाही.

तीनची कल्पना सुयोगची.
तीन म्हणजे काम काही नाही, नुसतं या.
सगळ्यांनी माना डोलावल्या.
जैबूनआपा म्हणाल्या, “चांगलंय की.”
आणि सहा महिने
एकाही फोनवरून तीन आल्या नाहीत.

दोन मात्र वाढल्या.
सिलेंडरचा रेग्युलेटर बसत नाही. बसलेला असायचा.
लाइटबिलावरचं बारीक दिसत नाही,
आणि मी चष्मा लावेपर्यंत आपा आकडा सांगून मोकळ्या.
भूपालअण्णांचा बल्ब तर महिन्यात चारदा गेला.
हळदीच्या पेठेत चाळीस वर्षं काटा धरलेला माणूस,
नखं अजून पिवळी,
छटाकभर इकडचं तिकडं होऊ दिलं नाही कधी.
मी स्टुलावर चढले, हात लावला.
बल्ब गेला नव्हता. सैल केला होता.
काच अजून गरम होती.

खाली अण्णा स्टूल धरून उभे.
माझ्याकडं न बघता म्हणाले,
“हलका माल येतोय हल्ली.”
मी म्हटलं, हो ना.
पिळला. उजेड पडला.
“आलीयस तर बस की जरा,” म्हणाले,
आणि बघते तर भडंगाचा डबा टेबलावर आधीच काढलेला,
शेजारी दोन वाट्या.

त्या दिवशी वहीत काय लिहावं कळेना.
‘दोन’ लिहिलं.
बिरनाळेबाईंनी तेवढं दुरुस्त केलं नाही.

मग दिवाळी झाली. मुलगी हैदराबादला परत गेली.
तिच्या उशीवर केसांचं एक रबर राहिलं होतं,
ते मी मनगटात घालून दोन दिवस फिरले.
तिसऱ्या रात्री मशीनला तेल देऊन झालं,
उद्याचे ब्लाउज घड्या घालून झाले,
मग झालेल्या घड्या परत मोडून घातल्या.
टीव्ही लावला, बंद केला.
खिडकीतून नदीकडचा गार वारा,
खालच्या गल्लीत कुणीतरी शेवटची रिक्षा वळवत होतं.

फोन घेतला. अण्णांना एक रिंग दिली, तोडली.
दुसरी दिली.
नंतर अंगठा कितीतरी वेळ तसाच.
चौदा जणांना शिकवून सांगितलेली साधी गोष्ट,
आणि इतकी जड असेल
हे मला वहीनं कधी सांगितलं नव्हतं.

तिसरी दिली.

पंधरा मिनिटांनी जिन्यावर काठी.
एक पायरी, थांबा. एक पायरी, थांबा.
मागून बॅटरीचा उजेड हलत हलत वर,
आणि आपांचा आवाज, “हळू चढा की, पळून जातीय का ती!”

दारात दोघं. धाप लागलेली.
काय झालं, असं कुणीच विचारलं नाही.
आपांनी पिशवीतून झाकण बांधलेला डबा काढला,
सरळ आत गेल्या, वाट्या शोधायला लागल्या.
अण्णा उंबऱ्यात उभे राहिले,
मान वर करून छताकडं बघितलं
आणि म्हणाले,
“बल्ब तर चांगलाय की तुझा.”