पटाशीचा दात

शनिवारी सकाळी दहाला, ग्लासगोच्या दक्षिणेकडच्या एका बागेत
आम्ही चौघं जमतो; टेप, ब्रश, थर्मास.
डग्लस यादी वाचतो:
पुतळे सहा, स्मारकशिला दोन,
संग्रहालय एक, तेही दुरुस्तीसाठी बंद,
आणि सगळ्यात शेवटी, कुणीच न मागून घेतलेलं
हे बिडाचं कारंजं.

पाणी कधी थांबलं, माहीत नाही.
वरच्या घुमटीवर चार बगळे. एकाला चोच नाही.
ज्यांनी पैसे दिले त्या शेटजींचं नाव ठसठशीत,
हुद्द्यासकट, दातृत्वासकट.
ज्यानं बीड ओतलं त्याचं नाव असलंच तर
हिरव्या रंगाच्या पाच-सहा थरांखाली.
न्गोझी नखानं खरवडून बघते.
"हात लावायचा नाही," डग्लस म्हणतो,
"आपण फक्त नोंद करायची."

ज्ञानकोशाचे नियम साधे आहेत,
नव्या सुनेला असतात तसे:
मनचं बोलायचं नाही.
बोलायचंच तर आधी दुसऱ्या कुणी बोललेलं,
तेही छापून आलेलं.
डोळ्यांनी पाहिलं, हा पुरावा नव्हे.

मी उंची मोजते. नऊ फूट दोन इंच.
एरवी मी दात मोजते,
गोव्हनच्या दवाखान्यात, आठवड्याचे पाच दिवस,
लोकांच्या तोंडात आरसा घालून
वर त्यांनाच विचारते, काय म्हणतेय तब्येत?

आधी कुत्रा आला. मागून आर्ची मकॅस्किल,
हातात दोरी, दोरीला कुत्रा नाही.
"याला साखळी होती," तो म्हणाला, "साखळीला लोखंडी पेला.
माझी आयझा आत्या पाणी पीत होती,
मागून कुणीतरी ढकललं.
दात गेला."
"कुठला?" मी विचारलं.
त्यानं स्वतःच्या वरच्या ओठावर बोट ठेवलं, डावीकडं.
पटाशीचा.
"दुधाचा की पक्का?"
आर्ची बघतच राहिला.
एवढ्या वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं.

डग्लसनं पेन कानामागं अडकवलं.
"छापून आलंय कुठं?"
"दात?"
"हो."
"दात छापून येतात होय!"
न्गोझी हसली. कुत्र्यानं कारंज्यावर तंगडी वर केली.
तीही नोंद आम्ही घेतली नाही.

पुढच्या शनिवारी तो बिस्किटांचा डबा घेऊन आला.
आत बटणं, एक किल्ली, आणि फोटो.
मागं शिसपेन्सिलीनं एवढंच: आयझा.
डग्लस हळूच म्हणाला, की फोटो चालतो,
फक्त इथं सही करा,
म्हणजे जगात कुणालाही, कशालाही, फुकट वापरता येईल.
"कुणालाही?"
"कुणालाही."
"तिनं पैसे मागितले असते," आर्ची म्हणाला
आणि सही केली, कुत्र्याच्या पाठीवर कागद ठेवून.

फोटो चढला. खाली ओळ:
कारंज्यापाशी एक मुलगी, वर्ष अज्ञात.
तिघंजण पडद्यावर वाकले होते
आणि सणासारखा आरडाओरडा चालला होता:
चारही बगळ्यांना चोच!
चौथ्याचीसुद्धा, ही बघ, जराशी वाकडी!
डग्लसनं तर कुणाला तरी फोन लावला.

मी सवयीनं फोटो मोठा केला.
आणखी मोठा.
मुलगी हसतेय, हनुवटीवरून पाणी ओघळतंय.
डावीकडं वर खिंडार,
आणि खिंडारात, ठिपक्यांच्या त्या धुरळ्यात,
करवतीच्या कडेसारखी एक पांढरी रेघ:
नवा दात, पाव इंचही उतरलेला नाही.

म्हणजे दुधाचाच होता, आर्ची.
शनिवारी भेटलास की सांगते.