गडद रंगाचं कापड

वडगावातनं सिव्हिलला आधी तीन आठवड्यांनी,
मग दहा दिवसांनी, मग चौथ्याच दिवशी.
पिशवीतलं कुणाचं तरी रक्त बाबांच्या हातात उतरायचं
आणि ते थेंब मोजायचे, सवयीनं,
मागावर पन्नास वर्षं धागे मोजले तसे.
प्लेटलेटच्या पिशवीला म्हणाले,
"ही तर ताकाची निवळी."

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली.
"अजून देता येईल. खरं, टिकणार नाही ते."
बाबांनी विचारलं,
"यायचा-जायचा दिवस वजा केला तर हाती किती उरतात?"
कुणी बोललं नाही. मग तेच म्हणाले,
"मोडक्या कांडीवर सूत किती भरायचं बाई?
दुसऱ्या कुणाला तरी घाला."

आता महादेवी सिस्टर येते, स्कूटरवर, दिवसाआड.
तान्ह्या पोराचा मऊ ब्रश आणते,
वस्तरा उचलून कपाटावर ठेवते.
"नोव ऐतेन्री, अज्जा? हत्तराग एष्टु?"
बाबा चार बोटं दाखवतात. "नाल्कु."
दुखणं तेवढं ते कन्नडात मोजतात,
गोळीवरचं पाणी मराठीत मागतात.
लुमाण्णाकाका, ज्यांनी सीमेच्या मोर्चात डोकं फोडून घेतलं,
तिच्यासाठी चहा टाकतात. साखर जास्त.

परवा जाताना तिनं आईला चुलीपाशी नेलं.
गडद रंगाचं कापड हाताशी ठेवा, म्हणाली.
काळं, नाहीतर तपकिरी. पांढरं नको.
नाकातनं आलं, तोंडातनं आलं,
तर अज्जांना लाल दिसू नये.
तुम्हालाही.

आईनं ट्रंक उघडली.
टॉवेल वरच होता. तिनं तळातली चंद्रकळा काढली,
बाबांनीच विणलेली, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी,
मालकाकडच्या उरल्यासुरल्या सुताची,
म्हणून एक काठ तांबडा
आणि दुसरा मध्येच हिरवा होतो.
"नेसलोच नाही कधी," ती म्हणाली, "मळंल म्हणून."

चारपदरी घडी उशाशी ठेवली.
बाबांनी हात फिरवला. बोट एका जागी थांबलं.
"इथं गाठ राहिलीय."
"असू दे की."
"तेवढी बघायला पाहिजे होती."

रात्री तीनला जाग आली. आई जागीच.
"तू नीज. मी बसतो."
कापड अजून कोरडं होतं.
बाबांचा अंगठा गाठीवर,
झोपेतही हलत होता;
सोडवत होते, की घट्ट करत होते,
दिवा न लावता कळेना.