काजळीच्या सात छटा

केमिजार्वीत दुपारी दोनलाच अंधार.
आउलिक्कीनं जुन्या प्रिंटरचं डोकं तीनदा धुतलं,
तेव्हा कुठे रुमालावरचा गुलाबी थेंब
फिकटत गेला.

मग सिरिंजनं भरली काजळी,
सात छटांची:
पहिली तव्याच्या बुडासारखी,
शेवटची तांदळाच्या धुवणासारखी.

यंत्राला कुणी सांगितलंच नाही.
ते जुन्याच नावांनी हाका मारतं:
निळी ठीक. किरमिजी ठीक.

चाचणीत एक रेघ तुटकी.
पुन्हा धुणं, पुन्हा कागद.
चौथ्यांदा सलग.

आणि सुती कागदावर कणाकणानं उतरला
ताउनो,
नावेत उभा, टोपी वाकडी,
मागे न हललेलं तळं.

पडद्यावर अक्षरं:
पिवळी संपत आली.

ती चष्मा पुसते.
हो, म्हणते,
नाव पिवळीच होती.